एम.फार्म.च्या मुलांना झोप का लागत नाही?

बेंबळीत आणि आसपासच्या गावांत औषधाच्या दुकानाला कोणी औषधालय म्हणत नाही, 'मेडिकल' म्हणतात; आणि मेडिकलवाला म्हणजे निम्मा डॉक्टर. ताप आला, जुलाब लागले, पाठ धरली की पहिली पायरी त्याच्या दुकानाची, डॉक्टर नंतर. याबद्दल माझी तक्रार पुष्कळ आहे, पण ती पुन्हा केव्हातरी. आज मला त्या माणसाबद्दल लिहायचे आहे, ज्याला आपण आपली सगळी दुखणी सांगतो, पण ज्याचे दुखणे कोणी विचारत नाही. त्यातही जे अजून शिकत आहेत, पदवीनंतरच्या एम.फार्म.च्या दोन वर्षांत अडकले आहेत, त्या मुलामुलींबद्दल. गेली काही वर्षे दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत अशी मुले दवाखान्यात येऊ लागली आहेत. तक्रार पित्ताची असते, केस गळण्याची असते, डोके धरण्याची असते. मनाची तक्रार घेऊन त्यांच्यापैकी अजून एकही आलेला नाही.

ज्यांच्या घरात हे शिक्षण नाही त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांचे डी.फार्म. केले की नोंदणी करून दुकानात बसता येते. चार वर्षांचे बी.फार्म. म्हणजे पदवी. त्यापुढे दोन वर्षांचे एम.फार्म. २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. हा आणखी एक अभ्यासक्रम आला, त्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयात काढावे लागते. म्हणजे एम.फार्म.चा मुलगा हा बारावीनंतर पाचव्या-सहाव्या वर्षी अजून विद्यार्थीच असतो. त्याच्याबरोबर दहावीला बसलेला मित्र तोवर पोलीस झालेला असतो, नाहीतर जेसीबी चालवून चार पैसे घरी आणत असतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती ही मुले बोलून दाखवत नाहीत. यांच्यापैकी बऱ्याच जणांना फार्मसीला जायचेच नव्हते. डॉक्टर व्हायचे होते. लातूरला खोली घेऊन, मेसचा डबा खाऊन एक-दोन वर्षे काढली, 'नीट'चे गुण कमी पडले, आणि कोणीतरी सांगितले की फार्मसी घे, तेही मेडिकललाच धरून आहे. मनातली ती सल सहा वर्षे तशीच राहते. गावात आल्यावर म्हातारी माणसे 'काय डॉक्टरसाहेब' म्हणून हाक मारतात तेव्हा ती पुन्हा ठसठसते. आपण कौतुकाने म्हणतो, त्याला ते टोचते.

त्यात कॉलेजांचा सुकाळ झाला. भारतीय भेषजी परिषदेने, म्हणजे फार्मसी कौन्सिलने, २०१९ मध्ये ठराव करून २०२०-२१ पासून पाच वर्षे नव्या कॉलेजांना बंदी घातली होती. अशी बंदी नुसत्या ठरावाने घालता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये दिला आणि वाट मोकळी झाली. आता तालुक्याच्या रस्त्याला लागले की उसाच्या फडाशेजारी फार्मसी कॉलेजची पाटी दिसते. शिक्षण जवळ आले हे चांगलेच, विशेषतः मुलींसाठी. पण पाट्या जितक्या वाढल्या तितक्या नोकऱ्या वाढल्या नाहीत, हे त्या वर्गात बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच कळते. मग पदवीवर भागत नाही म्हणून एम.फार्म., आणि एम.फार्म.नंतर काय, हा प्रश्न दोन वर्षे उशाशी.

या दोन वर्षांत असते तरी काय? पहिले वर्ष तास, प्रात्यक्षिके आणि परीक्षा यांत जाते. तिथपर्यंत ठीक असते, कारण अभ्यासाची सवय असते. खरा घाट दुसऱ्या वर्षी लागतो, तो संशोधन प्रकल्पाचा. एक गाईड मिळतो, एक विषय मिळतो. कोणाला बारा तास हळूहळू विरघळणारी गोळी बनवायची असते, कोणाला एखादे औषध मोजण्याची नवी पद्धत बसवायची असते, कोणाला उंदरांवर एखाद्या वनस्पतीच्या अर्काचा परिणाम पाहायचा असतो. गोळीसाठी मूळ औषध लागते, ते बाजारात सुटे मिळत नाही. म्हणून कंपन्यांना पत्रे पाठवायची, नमुना फुकट द्या म्हणून. उत्तर येते, येत नाही. उंदरांवर प्रयोग करायचा तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि समितीची बैठक रोज भरत नाही. एचपीएलसी नावाचे यंत्र असते, त्याच्यापुढे सगळ्या वर्गाची रांग असते. ते बिघडले की कंपनीचा माणूस येईपर्यंत सगळे ठप्प. कुठे कुठे पोरे पदरचे पैसे घालून पुण्या-मुंबईच्या खासगी प्रयोगशाळेतून नमुने तपासून आणतात. काही ठिकाणी त्यांच्याकडूनच डी.फार्म.ची प्रात्यक्षिके घेतली जातात. वर एखादा शोधनिबंध छापून आणायचा असतो, त्यालाही फी भरावी लागते.

पालकांनी इथे एक गोष्ट समजून घ्यावी. या मुलांना काम फार असते म्हणून ती खचतात असे मला वाटत नाही. कष्टाला आपली मुले भीत नाहीत. ती खचतात वाट पाहून. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. पेरणी झाली आहे, बियाण्याचे आणि खताचे पैसे जमिनीत गेले आहेत, आणि पाऊस नाही. हात रिकामे आहेत, झोप नाही. नांगरटीच्या दिवसांत कष्ट दुप्पट असतात, पण त्या रात्री शेतकरी घोरत असतो. एम.फार्म.चे दुसरे वर्ष हे पेरणीनंतरच्या कोरड्या पंधरवड्यासारखे असते, फक्त ते वर्षभर चालते.

पैशाचे पाहा. 'जीपॅट' नावाची देशपातळीवरची परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेश घेतला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन आहे, जास्तीत जास्त २४ महिने. आकडा वर्षानुवर्षे तोच राहिला, आणि खोलीभाडे मात्र तिथे थांबले नाही. हजेरी, आधार, बँक खाते, कॉलेजची दरमहाची पडताळणी यांत कुठे खोट निघाली की हप्ता अडकतो. पण ही नशीबवान मुलांची गोष्ट झाली. ज्यांची जीपॅट निघाली नाही ती फी भरून शिकतात, आणि ती फी सोयाबीनच्या पट्टीतून जाते. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी घरून फोन आला की मुलगा फोन उचलत नाही. बापाला वाटते पोरगे शहरात जाऊन बदलले. पोराला वाटते, उचलून सांगू काय?

आता एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चोवीस वर्षांचा मुलगा, एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला, घरापासून तीनशे किलोमीटर लांब. दिवाळीला घरी आला तेव्हा आईला तो वाळलेला दिसला. वडील घेऊन आले. "साहेब, पोरगं लई वाळलंय. एखादं ताकदीचं सलाईन लावा," म्हणाले. मुलाने स्वतःची तक्रार आमच्या भाषेतच सांगितली. पित्त आहे, पॅन्टोप्राझोल चालू आहे, जीवनसत्त्व बी-१२ कमी असेल असे वाटते, सर. निदान करून आला होता, फक्त चिठ्ठी हवी होती. मी वडिलांना रक्तदाबाच्या गोळ्या आणायला शेजारच्या मेडिकलवर पाठवले आणि मुलाला विचारले, रात्री झोप कशी आहे? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, तीनला जाग येते, पुन्हा लागत नाही. तीनला उठून काय करतोस? हिशेब करतो, म्हणाला. औषधाचा नमुना चार महिन्यांनी आला, किती दिवस गेले. गोळी बारा तासांऐवजी सात तासांतच विरघळते, किती वेळा पुन्हा करावे लागेल. फी किती गेली. हा हिशेब रोज रात्री तीनला, आणि रोज उत्तर एकच येते की आपल्याच्याने होणार नाही. क्रिकेट सोडले होते. मित्रांच्या खोलीवर जाणे सोडले होते. झोपेसाठी पाच महिने अल्प्राझोलामची गोळी घेत होता, आधी अर्धी, मग एक, मग दोन. कोणी लिहून दिली? कोणी नाही. ओळखीच्या दुकानातून.

मी विचारले, हे नैराश्य असेल असे मनात आले नाही का? यावर त्याने मला मेंदूतल्या सिरोटोनिनचे कार्य, ते पेशीत परत शोषले जाऊ नये म्हणून दिली जाणारी औषधे, त्यांच्या मात्रा आणि दुष्परिणाम असे सगळे व्यवस्थित सांगितले. माझ्यापेक्षा चांगले सांगितले, खोटे कशाला बोलू. आणि शेवटी म्हणाला, "पण सर, मला तसलं काही नाही. मला फक्त कामाचं टेन्शन आहे."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. मनाच्या आजाराचे औषध ज्याला तोंडपाठ आहे, त्याला तो आजार स्वतःला होऊ शकतो हे पटत नाही. आणि गंमत अशी की दोष त्याचा नाही. आपल्या जिल्ह्यात मनाच्या दुखण्याची दोनच चित्रे आहेत. एक, रस्त्याने बडबडत फिरणारा माणूस. दुसरे, कर्जाने पिचलेला शेतकरी. दुसऱ्या चित्राची दखल सरकारनेही घेतली. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला, त्यात आपला जिल्हा होता. त्या आधी ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने आपल्याला दाखवले होते की धडधाकट माणसेही पत्रा वाजला की मध्यरात्री अंगणात पळतात. पण पाठीवर लॅपटॉपची पिशवी, पायात बूट, इंग्रजी पुस्तके वाचणारा चोवीस वर्षांचा तरुण या दोन्ही चित्रांत बसत नाही. त्यामुळे घरच्यांना ते दिसत नाही आणि त्यालाही आरशात दिसत नाही.

ताण आणि नैराश्य यांतला फरक साध्या शब्दांत सांगतो. परीक्षेआधी छाती धडधडणे, भूक मरणे हा ताण. परीक्षा झाली की तो उतरतो. नैराश्य उतरत नाही. तपासायचे असेल तर दोन प्रश्न पुरतात, जगभरचे डॉक्टर हेच दोन आधी विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, हताश वाटते का? आणि ज्या गोष्टींत आनंद वाटायचा त्यांत आता रस वाटेनासा झाला आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर 'हो' आले, तर पुढची चौकशी करायची. झोप कमी किंवा फार जास्त, भूक बिघडलेली, सतत थकवा, लक्ष न लागणे, स्वतःला नालायक समजणे, हालचाली मंदावणे किंवा उगाच अस्वस्थपणा, आणि जगणे नकोसे वाटणे. यांतल्या बऱ्याच गोष्टी दोन आठवडे टिकल्या आणि त्यापायी रोजचे काम अडू लागले, तर ते 'टेन्शन' नसते, उपचार लागणारा आजार असतो. थायरॉईड आणि रक्तातील लोह-हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण त्यांतल्या बिघाडानेही माणूस असाच मरगळतो. पण तपासण्या चांगल्या आल्या म्हणजे काही झालेले नाही, असा अर्थ काढू नये. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, नाटकं करतंय' हे वाक्य मी घराघरांत ऐकले आहे.

हा आजार दुर्मीळही नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेली प्रौढ माणसे तीत विसात एक या प्रमाणात आढळली, आणि मानसिक आजार असलेल्यांतले बहुसंख्य लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांची पाहणी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने केली, तिचा अहवाल २०२४ मध्ये आला. एमबीबीएसच्या उत्तरे देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आणि पदव्युत्तरपैकी १५.३ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांबद्दल समाज बोलू लागला त्याला एक दुःखद कारणही घडले. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला, जातीवरून छळ झाल्याच्या आरोपाचा खटला उभा राहिला, आणि शिकाऊ डॉक्टरच्या मनावर काय गुदरत असते हे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. फार्मसीची मुले अजून आतल्या पानावरही नाहीत. अमेरिकेत फार्मसीची पदवी घेतल्यावर रुग्णालयात एक-दोन वर्षे निवासी प्रशिक्षण घेण्याची पद्धत आहे. तिथे कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातलेली आहे. ८० तास म्हणजे फारच झाले, पण निदान कोणीतरी घड्याळ लावले. आपल्या एम.फार्म.च्या मुलाचे तास कोण मोजतो?

आता गाईडबद्दल, आणि इथे मला काही जणांची नाराजी पत्करावी लागेल. पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थ्याचे सगळे भवितव्य एका सहीवर येऊन ठेपते. विषय मंजूर करणारा तोच, सुटी देणारा तोच, प्रबंध पुढे पाठवणारा तोच, उद्या नोकरीसाठी शिफारस लिहिणारा तोच. बहुतेक गाईड भली माणसे असतात. त्यांच्यावरही पाहण्यांच्या फायलींचा डोंगर असतो, खासगी कॉलेजात पगार वेळेवर होईलच असे नसते. पण माणूस कितीही भला असो, ज्याच्या हातात आपली पदवी आहे त्याच्यापुढे 'सर, मला रात्री झोप लागत नाही, रडू येते' असे कोणी म्हणेल का? कॉलेजे मात्र नेमके हेच गृहीत धरतात. 'आमच्याकडे मेंटॉर आहेत' म्हणतात, आणि मेंटॉर म्हणून नाव असते त्याच गाईडचे. हे म्हणजे सावकारालाच कर्जमुक्तीचा सल्लागार नेमण्यासारखे झाले. मन मोकळे करायचे माणूस वेगळे हवे, त्याचा गुणांशी आणि सहीशी संबंध नको. मुलींच्या बाबतीत तर हे शंभर वेळा सांगायला हवे. काही वावगे वाटले तर दाद कुठे मागायची, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीत कोण आहे, हे तिला पहिल्या दिवशी माहीत असले पाहिजे.

याबाबत कायद्याने आता बळ दिले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा; लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध ठेवावा. प्रवेशाच्या वेळी आपण कॉलेजची इमारत पाहतो, वसतिगृहाचे पाणी पाहतो, बसचा थांबा पाहतो. तिथेच कार्यालयात एक प्रश्न विचारा, तुमचा समुपदेशक कोण आणि तो कोणत्या वारी भेटतो? नाव आणि वार सांगता आला नाही तर समजून घ्या.

घरच्यांकडून होणाऱ्या जाचालाही मी सोडणार नाही. 'झालं का नाही अजून?' हा पहिला. 'एवढं शिकून शेवटी मेडिकलच टाकायचं ना?' हा दुसरा. आणि तिसरा सगळ्यांत वाईट, 'तुझं सर्टिफिकेट त्या अमक्याच्या दुकानात लाव, महिन्याला बसून पैसे येतील.' प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर बसणारा दुसराच, हे बेकायदेशीर तर आहेच. पण मुलाच्या मनावर त्याचा जो घाव बसतो तो कोणी पाहत नाही. सहा वर्षे शिकला, आणि घरच्यांच्या लेखी किंमत भिंतीवर टांगलेल्या कागदाची, त्याची स्वतःची नव्हे. मुलीला तर दुसरेच ऐकावे लागते. एम.फार्म. होईपर्यंत स्थळे थांबतील का, आणि इतकी शिकलेली आपल्याकडे कोण करून घेईल, ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी एकाच ओसरीवर.

गोळ्यांचे सांगितले पाहिजे. अल्प्राझोलाम ही गोळी 'एच-१' या अनुसूचीत आहे. मार्च २०१४ पासून असा नियम आहे की ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, आणि दिली की वेगळ्या वहीत रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव लिहावे, ती वही तीन वर्षे जपावी. आपल्या भागातले दुकानदार परक्या माणसाला बहुधा नियम दाखवतात. फार्मसीच्या विद्यार्थ्याला मात्र 'आपलाच माणूस' म्हणून पट्टी काढून देतात. ही आपुलकी नव्हे. ही गोळी तात्पुरती गुंगी आणते, नैराश्य बरे करत नाही. काही आठवड्यांत तिची सवय लागते, मात्रा वाढत जाते. आणि बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात. म्हणून जो घेत असेल त्याने हा लेख वाचून आज रात्रीपासून बंद करू नये, डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

नैराश्यावरची औषधे वेगळी. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम ही त्यांतली नेहमीची नावे. यांची नशा येत नाही, चटक लागत नाही. पण गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थता हे त्रास पहिल्या आठवड्यातच होतात. त्यामुळे पुष्कळ जण गुण येण्याआधीच सोडून देतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्यावी लागतात, आणि थांबवायची ती टप्प्याटप्प्याने. पंचविशीच्या आतल्या रुग्णावर पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावे, कारण क्वचित या काळात अस्वस्थता आणि वाईट विचार वाढतात. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानेही बरे वाटते. म्हणून फार्मसीवाल्याने पुस्तक पाहून स्वतःच गोळी ठरवू नये. आम्ही डॉक्टरसुद्धा स्वतःवर उपचार करत नाही, निदान करू नयेत.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगतो. वडील परत यायच्या आत मी त्याला सरळ विचारले होते, जगणे नको असे वाटते का? तो म्हणाला, कधी कधी वाटते, झोपलो ते उठूच नये. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारणारा कोणी भेटला म्हणून छातीवरचा दगड उतरतो. वडील आल्यावर मुलाच्या संमतीने मी त्यांना सांगितले की सलाईनने हे जाणार नाही. त्यांनी एकच विचारले, "साहेब, वेड लागलंय का?" नाही म्हटल्यावर ते खुर्चीत बसले. लातूरला मानसोपचारतज्ज्ञाकडे ते स्वतः बरोबर गेले. झोपेची गोळी दोन महिन्यांत सुटली, दुसरे औषध नऊ महिने चालले. प्रबंधाला सहा महिने मुदत वाढवून घेतली. गोळी शेवटी साडेदहा तासांत विरघळली, आणि परीक्षकांना तेवढे पुरले. आता तो एका कंपनीच्या तपासणी विभागात आहे. मला फोन क्वचित करतो, हे मी चांगले लक्षण मानतो.

ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांच्यासाठी शेवटचे दोन शब्द. फोनवर 'प्रोजेक्ट कुठवर आलं' याच्या आधी 'झोप लागते का, जेवतोस का' हे विचारा. उत्तर 'बरंय' असे आले तरी चार दिवसांनी पुन्हा विचारा. फोन उचलत नसेल तर रागावून बसू नका, एसटी पकडा आणि जाऊन या. 'जगावंसं वाटत नाही' असे तो कधी बोलला, चेष्टेत का होईना, तर त्याला एकटे ठेवू नका, घरातल्या आणि खोलीवरच्या औषधांचा साठा आपल्या ताब्यात घ्या, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे, रात्री तीनलाही कोणीतरी उचलते, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर धाराशिव, लातूर, सोलापूर, अंबाजोगाई येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. केसपेपर सकाळीच निघतो, तेव्हा बेंबळीहून पहिल्या गाडीने निघा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, पिशवीत घेऊन जा. आणि तपासणीच्या खोलीत मुलाला थोडा वेळ डॉक्टरशी एकटे बोलू द्या. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.